मला फक्त खेळायचंय

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. कॉलेजात फुटबॉल संघाचा गोलरक्षक होतो. मी गे आहे हे संघात कुणाला सांगितलं नव्हतं. तरी कपडे बदलताना चालणारे विनोद, किक चुकली की 'बायकी' म्हणणं, हे रोजचंच होतं. शेवटी जाणं सोडलं. आता एका मित्राने एलजीबीटीक्यू खेळाडूंनी सुरू केलेल्या संघात बोलावलंय. तिथे कुणीही खेळू शकतं म्हणे. पण वेगळ्या संघात जाणं म्हणजे पळ काढणंच नाही का? घरी काही माहीत नाही, ती धास्ती आहेच. आणि खरं सांगू? मला 'अभिमान' वगैरे काही वाटत नाही. मला फक्त खेळायचंय.
— एक गोलरक्षक

उत्तर : फक्त खेळायचंय, एवढं कारण पुरे. अभिमान वाटत नसेल तर संघात घेणार नाही, असं कुणी म्हणत नाही.

मीही गे आहे, आणि चाळिशीत अशाच एका संघात गेलो. आधीच्या संघात माझा निम्मा जीव बोलणं सांभाळण्यात जायचा. सुट्टीत कुणाबरोबर होतास, लग्न का करत नाहीस, फोन कुणाचा होता. उरलेल्या निम्म्यात फुटबॉल. नव्या संघात एकदा कर्णधाराने उत्तरार्धात मला बाहेर बसवलं. माझ्याच्याने धाववत नव्हतं, बाकी काही नाही. मी चांगलाच चिडलो. बाकावर बसल्या बसल्या जाणवलं, हा राग निव्वळ खेळाडूचा आहे. 'यांना कळलं तर नसेल?' ही शंका त्यात कुठेच नाही. त्याला अभिमान म्हणायचं की नाही, तुम्ही ठरवा. मला तर फार बरं वाटलं. (चिडलेला मात्र आठवडाभर होतो.)

आता पळ काढण्याबद्दल. टॉम वॅडेल हा अमेरिकन खेळाडू १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉनला, म्हणजे दहा प्रकारांच्या मैदानी शर्यतीला, सहावा आला होता. त्याला पळपुटा कोण म्हणेल? त्यानेच पुढाकार घेऊन १९८२ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिले गे गेम्स भरवले. नावात 'ऑलिंपिक' वापरायला कोर्टाने मनाई केली, तरी स्पर्धा झाली आणि आजही होते. २०२३मध्ये ती हाँगकाँगलाही झाली, आशियात पहिल्यांदाच. तिथे पात्रता फेरी नसते, आणि गे असण्याचीही अट नसते.

उलट तुमच्याच खेळाकडे बघा. इंग्लिश फुटबॉलपटू जस्टिन फॅशनूने १९९०मध्ये आपण गे असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर ब्रिटनच्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये खेळत असताना तसं उघडपणे सांगणारा पुढचा खेळाडू, जेक डॅनियल्स, आला तो २०२२मध्ये. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. मधली ३२ वर्षं एवढ्या मोठ्या खेळात गे कुणी नव्हतंच, यावर माझा तरी विश्वास नाही. तेव्हा जाब विचारायचाच तर त्या ड्रेसिंग रूमना विचारावा, तुम्हाला कशाला?

नव्या संघात सगळे देवमाणूस भेटतील असं समजू नका. तिथेही कंपू असतात, शरीरयष्टीवरून नाकं मुरडणारे असतात, आणि पहिल्या सरावाला कदाचित कुणी फारसं बोलणारही नाही. जवळीक गप्पांपेक्षा कामातून होते. जाळी बांधायला लवकर जा, सराव संपल्यावर लगेच निघू नका. कुणीतरी गुडघा धरून बसलेला असतोच, त्याला बर्फ आणून द्या. माझे आजचे दोन जिवलग मित्र अशा गुडघ्यांमुळेच मिळाले.

घरच्या धास्तीचं आधी बघा. जाण्यापूर्वी संघ चालवणाऱ्यांना स्पष्ट विचारा : फोटो कुठे टाकता? माझा वगळाल का? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसतं टोपणनाव चालेल का? हे त्यांना नवीन नसतं. उत्तर देताना कुणी 'एवढं काय घाबरायचं' असं म्हणाला, तर तो संघ सोडा, दुसरा शोधा. आणि गोलरक्षक आहात हे पहिल्याच निरोपात कळवा. गोलात उभं राहायला सहसा कुणी तयार नसतं, त्यामुळे उत्तर लवकर येईल.