दारव्ह्याहून फौजी लोकांना इंग्रजी शिकवायला निघालेल्या पोरीसाठी

तू विचारलंस की दादा, आयेल्ट्सच्या (इंग्रजीच्या परीक्षेच्या) स्पीकिंगला 7.5 आहेत, म्हणजे नाटोच्या फौजांमधली लेव्हल 3 झालीच ना, अन् एका देशाची लेव्हल दुसरीकडं चालते का.

नाही बाप्पा. स्केल एकच आहे, नाटोचं स्टॅनॅग 6001, फौजी लोकांना भाषा किती येते ते मोजायचं, 0 ते 5, पण परीक्षा ज्याचा तो देश बनवतो अन् घेतो. आपल्या कापसासारखं समज. व्यापारी गाडीत हात घालतो, मूठभर कापूस दाबून पाहतो अन् वणीत एक ग्रेड सांगतो, त्याच कापसाला पांढरकवड्यात दुसरीच.

मी इकडं पोलंडात सहा वर्षांपासून शिकवून राहिलो. परदेशातून एक कॅप्टन आला होता, कागदावर स्पीकिंग 3. रणगाड्याचं इंजिन कसं बिघडलं ते त्यानं दहा मिनिटं फाडफाड सांगितलं. मग मी विचारलं, सक्तीची भरती आणली तर तुमच्या देशाचं काय होईल? तिथं बंडी रुतली. 'व्हेरी इम्पॉर्टंट' तीनदा म्हणाला अन् गप्प. घडलेलं नीट सांगता येणं हे 2 मध्येच येतं, 3 ला मत मांडून ते पटवून द्यावं लागतं, 'असं झालं तर' बोलावं लागतं, अन् तेही शेवटपर्यंत टिकवून. पण परीक्षक स्पीडला भुलतात, त्यात उच्चार आपल्याच गावचे असले की कानाला खटकतच नाही काही.

देशोदेशीच्या लेव्हल जुळवायला नाटोची बिल्क नावाची संस्था आहे, 1966 पासूनची. तिथं असे परीक्षक जमले की एकच रेकॉर्डिंग ऐकून आपापली लेव्हल लिहितात, मग तू 2 काऊन दिलेस अन् मी 3 काऊन, यावर तासभर भांडण. त्यानं फरक कमी होतो, मिटत नाही.

तुझ्या 7.5 चं म्हणशील तर आयेल्ट्समध्ये चार निकषांची सरासरी निघते, एक कच्चा असला तरी दुसरा सांभाळून घेतो. स्टॅनॅगमध्ये तसं नाही, म्हणून बायोडाटात 'लेव्हल 3 च्या बरोबरीचं' असं काही लिहू नको, सरळ आयेल्ट्सच लिही. अन् जाहिरातीत नागरिकत्वाची अट आधी वाच, बऱ्याच जागा तिथंच कटतात, मी स्वतः खासगी कॉन्ट्रॅक्टवर आहो. 3322 असा आकडा दिसला तर त्या चार लेव्हल आहेत, ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या क्रमानं वाचायचा.

कापसाच्या भावावर, 'सरकारनं खरेदीच बंद केली तर', पाच मिनिटं इंग्रजीत बोलून मोबाईलवर पाठव. तुझ्या रात्री नऊनंतर ऐकतो, आता उन्हाळ्यात आम्ही साडेतीन तास मागं आहो.