भिंतीवरचा दगड निखळला, भरपाई कोणाकडून?

प्रश्न: घराच्या दर्शनी भिंतीला बाहेरून नैसर्गिक दगडाच्या पातळ चकत्यांचं क्लॅडिंग करून घेतलं. दगड आम्ही दुकानातून आणला, बसवायचं काम ठेकेदाराला दिलं. आठ महिन्यांत चार दगड पडले, आणखी काही ठोकल्यावर पोकळ वाजतात. ठेकेदार म्हणतो दगड खराब, दुकानदार म्हणतो बसवणं चुकलं. लेखी करार नाही, मोबाइलवर आलेलं कोटेशन आणि मेसेज आहेत. शेवटचा हप्ता मी थांबवलाय. सगळं काढून दुसऱ्याकडून नव्यानं करून घेऊ का? पैसे मिळतील का?

उत्तर: ताई, पैसे मिळू शकतात. पण सगळी भिंत आत्ताच सोलून काढलीत तर तुमचा सर्वांत मोठा पुरावा राडारोड्यात जाईल.

तुम्ही पाठवलेला पडलेल्या दगडाचा फोटो मी बराच वेळ पाहत होतो. दगडाच्या पाठीवर अ‍ॅडेसिव्हचे पाच गोळे आहेत, चार कोपऱ्यांत आणि एक मधे. बाकी पाठ कोरी. आणि त्या गोळ्यांच्या तोंडाला भिंतीच्या जुन्या निळ्या रंगाचा पापुद्रा चिकटून आलाय. म्हणजे अ‍ॅडेसिव्हनं दगड सोडला नाही, रंगानं भिंत सोडली. असं क्लॅडिंग करताना रंग खरवडून, गिलाव्याला टाचे मारून किंवा जाळी ठोकून नवा खरबरीत थर देऊन पृष्ठभाग तयार करावा लागतो. मग दगडाची पाठ धुऊन तिच्यावर सगळीकडे मसाला पसरायचा असतो. गोळ्यांवर टेकवलेल्या दगडामागे पोकळी राहते, तिथे पाणी शिरतं आणि पकड आणखी सुटते. दगडच कच्चा असता तर तो थरांत फुटला असता. तुमचे चारही दगड अख्खे आहेत. त्यामुळे फोटोवरून तरी माझं मत दुकानदाराच्या बाजूनं झुकतं.

तरी ग्राहक आयोगात तक्रार कराल तेव्हा दोघांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते पक्ष, करा. दोघे एकमेकांकडे बोट दाखवत असताना एकालाच ओढलं, तर तो हजर नसलेल्यावर ढकलून मोकळा होतो.

आता सर्वांत आधी सुरक्षितता. पोकळ दगड दाराच्या वर किंवा जाण्यायेण्याच्या वाटेवर असतील तर ती वाट आजच बंद करा. कोणाच्या डोक्यात दगड पडला तर ‘ठेकेदाराची चूक होती’ एवढं सांगून घरमालकाची सुटका होत नाही. धोक्याचे दगड जरूर उतरवा, पण आधी खडूनं नंबर टाका, लाकडी दांड्यानं ठोकून पोकळ आवाज येतो त्याचा सलग व्हिडिओ काढा, मग उतरवून नंबरासकट पोत्यात ठेवा. शक्यतो हे सिव्हिल इंजिनिअरसमोर करा आणि त्याच्याकडून सहीचा अहवाल घ्या. ठेकेदाराला पाहणीची तारीख आधी लेखी कळवा. तो आला नाही तरी कळवल्याचा पुरावा तुमच्या हातात राहतो. भारतीय करार कायद्याच्या कलम 73 नुसार भरपाई ठरवताना नुकसान आटोक्यात ठेवायला हाताशी काय उपाय होते, हेही पाहिलं जातं. म्हणून भिंत वर्षभर तशीच लोंबकळत ठेवणंही बरोबर नाही. पाहणी आणि अहवाल झाला की दुरुस्ती करून घ्या, बिलं जपा.

लेखी करार नाही म्हणून घाबरू नका. कोटेशन, तुमचा होकार, दिलेले पैसे यांतून करार सिद्ध होतो. फक्त मेसेज पुसू नका आणि तो मोबाइल विकू नका. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 मध्ये अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्राची तरतूद आहे, ते वकील तयार करून देतील.

स्वतःच्या राहत्या घराचं काम असल्यामुळे तुम्ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली ‘ग्राहक’ ठरता. काम नीट न करणं ही सेवेतली त्रुटी. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तुम्ही दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे, कलम 69. ‘येतो, बघतो’ असे मेसेज ठेकेदार पाठवत राहिला म्हणून ही मुदत थांबत नाही. असे चांगले दावे निव्वळ वाट पाहण्यात बुडालेले मी पाहिले आहेत, म्हणून हे कळकळीनं सांगतो.

आधी नोटीस पाठवा. कुठल्या तारखेला किती दगड पडले, पाहणी कधी आहे, काय मागता, हे त्यात लिहा. थांबवलेल्या हप्त्याबद्दल गप्प राहू नका. काम सदोष असल्यामुळे रक्कम रोखली आहे, हे नोटिशीत आणि तक्रारीतही स्पष्ट सांगा. ते लपवलंत आणि ठेकेदारानं दाखवलं, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही शंका येईल.

एक गोष्ट तुमच्या वकिलाला मोकळेपणी सांगा: रंग खरवडू नका, घरात धूळ होते, असं तुमच्यापैकी कोणी कामाच्या वेळी म्हणालं होतं का? म्हणालं असेल तर ठेकेदार तेच पुढे करेल. तेवढ्यानं दावा संपत नाही. जाणकार तो होता, रंगावर दगड टिकणार नाही हे त्यानं सांगायला हवं होतं, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीही ग्राहक संरक्षण कायद्यात त्रुटी मानली आहे. पण भरपाई कमी होऊ शकते, आणि ते वकिलाला समोरच्याच्या कैफियतीतून, म्हणजे लेखी उत्तरातून, कळण्याआधी तुमच्याकडून कळायला हवं.