भातखाचरातले पांढरे चट्टे आणि वाया गेलेले जिप्सम

प्रश्न : कालव्याच्या पाण्यावर भात घेतो. सखल खाचरांत पांढरे चट्टे पडतात, रोपांच्या पानांचे शेंडे करपतात. दोन वर्षे जिप्सम टाकले, फरक नाही. काय चुकले?

उत्तर : बहुधा माती न तपासता जिप्सम पडले. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या द्रवाची) विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप, ४ डेसीसिमेन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल, तर जमीन क्षारयुक्त आहे. तिथे जिप्समला कामच नाही. क्षार धुऊन खाली न्यायचे आणि शेताबाहेर काढायचे. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) १५ टक्क्यांहून जास्त असेल, तर ती चोपण. तिथे उलट, आधी जिप्सम लागते, त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते; नुसते गोडे पाणी सोडले तर मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात.

अहवालात वाहकता कशात मोजली तेही पाहा. एकास दोन द्रावणातला (एक भाग माती, दोन भाग पाणी) आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो आणि जमीन उगाच चांगली वाटते. संपृक्त अर्कात ३ पर्यंत भाताला चालते; पुढे दर एककाला उत्पादन सुमारे १२ टक्के घटते. नमुना नुसत्या पांढऱ्या पापुद्र्याचा नको. ०–१५, १५–३० आणि ३०–६० सेंमीचे वेगळे घ्या.

धुण्याआधी निचरा. भूजल दीड मीटरच्या आत असेल तर ओतलेले पाणी त्यालाच वर आणते, म्हणून चर किंवा सच्छिद्र पाइप आधी, आणि त्यांना बाहेर वाट हवी. मग खाचर सपाट करून, बांध घालून, चिखलणीपूर्वीच पाणी द्या. चिखलणीनंतर ते मुरत नाही. एका वेळी १० सेंमी, मुरले की पुन्हा. ६० सेंमी थरातले बरेचसे क्षार जायला साधारण तेवढेच, म्हणजे एकूण ६० सेंमी पाणी मुरावे लागते. वरून पाणी फिरवून बांध फोडणे ही आवडती युक्ती फक्त पापुद्रा नेते.

प्रश्न : चोपण जमिनीला जिप्सम किती?

उत्तर : विनिमययोग्य सोडियम १०० ग्रॅम मातीमागे १ मिलिइक्विव्हॅलंट कमी करायला, १५ सेंमी थरासाठी, हेक्टरी सुमारे १.९ टन शुद्ध जिप्सम लागते. धनायन विनिमय क्षमता (माती सोडियम, कॅल्शियमसारखे धनायन किती धरू शकते ते माप) त्याच एककात ३० असेल आणि सोडियम तिच्या २५ वरून १० टक्क्यांवर आणायचा असेल, तर ३० चे १५ टक्के ४.५, आणि ४.५ × १.९ म्हणजे साडेआठ टन. शुद्धता ८० टक्के असेल तर त्याला ०.८ ने भागा. भातासाठी सहसा निम्म्या मात्रेने सुरुवात होते, कारण भाताची मुळे उथळ असतात आणि साचते पाणी त्याला सोसते. बारीक जिप्सम वरच्या १० सेंमीतच मिसळा, खोल नांगरटीने ते विरळ होते. मग १०–१५ दिवस पाणी साचवून लावणी करा. गंधक वापरायचे तर चुनखडीयुक्त जमिनीत, आणि काही आठवडे आधी ओलसर मातीत. साचलेल्या पाण्यात हवेअभावी त्याचे आम्ल होत नाही.

प्रश्न : लावणीत काय बदलावे?

उत्तर : ३०–३५ दिवसांचे रोप, चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) ३–४ काड्या. कोवळे रोप आणि फुलोरा या दोन अवस्था सर्वांत नाजूक. तेव्हा खाचर कोरडे पडले तर पळींज (पोकळ दाणे) वाढते. चोपण जमिनीत हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्या. कापणीनंतर खाचर उघडे ठेवू नका, उन्हाळ्यात क्षार पुन्हा वर चढतात. धसकटे राहू द्या किंवा ओल असेल तर धैंचा (हिरवळीच्या खताचे पीक) पेरा.