साठ दिवस मोजलेत का?

संक्रांतीला, म्हणजे 14 जानेवारी 2025 ला, इंटरनेटवरून फोनसेवा देणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या शेअरसाठी तुम्ही सहा लाख दिले, चार आरटीजीएसने आणि दोन रोख. वर्ष होत आलं तरी शेअर नाहीत, आता "पुढचा राउंड" म्हणून अजून चार मागतायत, देऊ का, असा तुमचा प्रश्न. असे मेल मला बरेच येतात. टेक्नॉलॉजी चांगली का, मार्केट केवढं, हे मला विचारू नका, त्यातलं मला कळत नाही.

मला फक्त एक सांगा, शेअर अलॉट झाले का, म्हणजे कंपनीने ते तुमच्या नावावर दिले का? कंपनी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे पैसे मिळाल्यापासून 60 दिवसांत अलॉटमेंट व्हायलाच हवी, म्हणजे 15 मार्चपर्यंत. नाही झाली तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत, म्हणजे 30 मार्चला, बरोबर पाडव्याला तुमचे पैसे घरी यायला हवे होते. तेही नाही केलं तर साठाव्या दिवसानंतर 12 टक्के व्याज, आणि ती रक्कम ठेव धरली जाते, मग डायरेक्टर "अहो ही तर गुंतवणूक होती, रिस्क तुमची" असं म्हणू शकत नाही. अलॉटमेंट झाली असेल तर एमसीए म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर पीएएस-3 फॉर्म दिसेल, शेअर कुणाकुणाला दिले ते कंपनी त्यात कळवते, थोडी फी भरून आजच बघा. त्यात तुमचं नाव नसेल तर बाकी सगळं प्रेझेंटेशन बाजूला ठेवा.

परवान्याचं म्हणाल तर साध्या मोबाईल-लँडलाईनवर कॉल जात असतील तर दूरसंचार खात्याचा परवाना लागतो, नुसतं अ‍ॅप टू अ‍ॅप असेल तर वेगळं. कॉपी मागा. देत नसतील तर मला शंका येईल, पण त्यावरून फसवणूकच म्हणणार नाही. काहींनी टेलेक्सफ्रीचं नाव काढलं, ती अमेरिकेतली कंपनी, इंटरनेट फोनच्या नावावर साखळी चालवायची, एप्रिल 2014 ला दिवाळखोरीत गेली आणि तिचा प्रेसिडेंट 2017 ला सहा वर्षं आत गेला. तुमची तशीच असेल असं नाही, कमिशनसाठी माणसं जोडायला सांगतायत का तेवढं कळवा.

आता ते दोन लाख रोख. अहो, शेअरचे पैसे रोख घ्यायला याच कलमात बंदी आहे, पावतीसुद्धा नाही म्हणता, मेहुण्यासमोर दिले म्हणे! दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला आयकरात तेवढाच दंड बसू शकतो, त्यामुळे तो कबूल कशाला करेल. व्हॉट्सअ‍ॅपवर कुठेतरी "सहा मिळाले" असं लिहिलं असेल तर तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

नोटीस याच आठवड्यात पाठवा, रजिस्टर्ड पत्त्यावर आणि डायरेक्टरच्या घरी, स्पीड पोस्टने. वसुलीच्या दाव्याला मुदत साधारण तीन वर्षं, ती कुठल्या तारखेपासून मोजायची यावरच कोर्टात दोन वर्षं जातील, म्हणून मार्च 2025 धरून चाला. एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांचे पैसे बुडू नयेत म्हणून असलेला महाराष्ट्राचा कायदा, लागेल का ते किती जणांकडून काय सांगून पैसे घेतले त्यावर आहे, पीएएस-3 बघून मग सांगतो. तोवर ते चार लाख एफडीत राहू द्या.