'भारी झालंय' एवढ्यावर भागत नाही

अरे, त्या खानापूरच्या पोरांच्या व्हिज्युअल नॉव्हेलवर, म्हणजे चित्रं आणि संवादांतून गोष्ट सांगणाऱ्या गेमवर, तू नुसतं 'भारी झालंय' लिहून पाठवलंस. त्याचं ती काय करणार?

पहिल्यांदा सरळ खेळ. दुसऱ्यांदा वही घेऊन बस. गेम रेनपाय या असे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला असेल तर 'एस' दाबलं की स्क्रीनशॉट निघतो, माउसचं चाक वर फिरवलं की मागचा संवाद परत येतो. खटकलेली जागा तिथल्या तिथे पकड. 'चेहरे जमले नाहीत' म्हणू नको. आजी भांडतेय तरी तिचं चित्र हसरंच राहिलंय, हे दाखव. संगीताचा लूप परत सुरू होताना टक् वाजतं का, एवढं हेडफोन लावून ऐकलंस तरी पुष्कळ.

खरा वेळ लिखाणाला दे. असाच गेम लिहिणाऱ्या एकाला मी कळवलं होतं, तुझी बेळगावातल्या शहापूरची काकू पुण्याच्या काकूसारखी बोलते. भाजीवाल्याशी भाव करतानाही तोंडात एक कन्नड शब्द नाही. त्यानं तो प्रसंग नव्यानं लिहिला. वाक्यं मात्र मी लिहून दिली नाहीत हां, ते त्याचं काम.

आणि विचारल्याशिवाय शेवट बदलायला सांगू नको. मी सांगितला होता, गडी महिनाभर बोलला नाही.