ख्रिस्ती मदतसंस्थेत रुजू होताना

सगळ्यात आधी १९९४ ची रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची आचारसंहिता वाच. तिसरं कलम सरळ आहे: मदतीच्या आडून धार्मिक किंवा राजकीय भूमिका पुढे रेटायची नाही. ती घडवणाऱ्यांत कारितास आणि लुथेरन वर्ल्ड फेडरेशन या ख्रिस्ती संस्थाही होत्या, त्यामुळे हा नियम बाहेरच्यांनी लादलाय असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नकोस. श्रद्धा लपवायचीही गरज नाही. कुणी विचारलं तर सांग, फक्त हातात धान्यवाटपाची यादी असताना नको. रांगेतल्या माणसाला 'नाही' म्हणायची सोय नसते.

श्रद्धेची खरी ताकद मला लोकांशी असलेल्या ओळखीत दिसते. स्थानिक चर्च संकटाच्या आधीही तिथे असतं आणि प्रकल्पाचे पैसे संपल्यावरही. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा मृतदेहाला हात लावल्याने लागण होत होती. पण विधी न करता घाईने केलेलं दफन लोकांना सहन होईना, काही जण मृत्यूच लपवू लागले. अखेर नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ख्रिस्ती आणि मुस्लिम संस्थांना सोबत घेऊन नियम सुधारले आणि प्रार्थनेला, घरच्यांच्या सहभागाला त्यात जागा दिली.

हीच ओळख अंगाशीही येते. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, दिलेली लाभार्थींची यादी डोळे झाकून घेऊ नकोस. त्यांच्या चर्चच्या मंडळीतलीच नावं वर आली नाहीत ना, ते घरोघरी जाऊन ताडून बघ. आणि हो, कोणत्या पदांना ख्रिस्ती असण्याची अट आहे, ते मुलाखतीतच विचारून घे.