आईचा डॉक्टरशी व्हिडिओ कॉल आम्ही मुलांनी लावून दिला तर चालतं ना?

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच, बहुतेक वेळा परदेशातून आणि रात्री उशिरा. "मॅडम, आई बडोद्यात एकटी असते, अपॉइंटमेंट आम्हीच घेतो, कॉलवर पण आम्हीच असतो, मग तिला वेगळं कशाला विचारायचं?" त्यावर हल्ली मी दांडिया बाजारातल्या एका काकूंचं सांगते. त्यांनी सांग म्हटलंय म्हणून सांगते, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काकू सत्तरीच्या पुढच्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले, बीपी जुनं. मुलगा कॅनडात. "रात्री झोपच होत नाही रे" एवढं त्या फोनवर बोलून गेल्या आणि पठ्ठ्याने दोन दिवसांत व्हिडिओवर डॉक्टर लावून दिले. हेतू चांगलाच होता हां, त्यात वादच नाही. खालच्या मजल्यावरच्या मुलीने फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि ती तिथेच बसून राहिली. डॉक्टर आणि मुलगा इंग्रजीत सुरू. काकू गुजराती फाडफाड बोलतात, खंडेराव मार्केटमधला भाजीवाला त्यांच्यापुढे हात टेकतो, पण त्या दिवशी दहा मिनिटं नुसत्या स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा बघत पदर सारखा करत बसल्या. डॉक्टरांनी विचारलं बीपीच्या गोळ्या कशा घेतात, मुलगा म्हणाला रेग्युलर. रात्री उठावं लागतं का, तर मुलगाच म्हणाला टेन्शन फार घेते ती. झालं, झोपेची गोळी सुरू.

आठवड्यात काकूंनी ती परस्पर बंद केली, मुलगा वैतागला आणि "तुम्ही जरा समजवा" म्हणून मला फोन. मी जवळच राहते म्हणून घरीच गेले. दारातच विचारलं, काकू मी आलेली चालेल ना, नको असेल तर जाते परत. म्हणाल्या, आता जिने चढून आलीच आहेस तर बस. मग हळूच, "तुझा फोन बंद आहे ना?"

तो बंद करून पर्समध्ये टाकला तेव्हा कुठे बोलल्या. रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागतं, आता हे मुलासमोर आणि त्या खालच्या पोरीसमोर कसं बोलायचं? त्यात ती नवी गोळी घेतली की गुंगी, एका रात्री बाथरूमच्या उंबऱ्यात अडखळल्या, नळ हाताला लागला म्हणून पडल्या नाहीत. गोळ्यांचा डबा बघितला तर बीपीची पाण्याची गोळी रात्रीच्या खणात! लेकानेच सांगितलेलं, सगळ्या रात्री एकदम घे म्हणजे विसरणार नाहीस. मी डॉक्टर नाही, गोळीला हातही लावला नाही, पण ती गोळी अंगातलं पाणी लघवीवाटे काढते आणि म्हणून सहसा सकाळी देतात एवढं मलाही माहितीये.

दुसरा कॉल काकूंनी एकटीने केला, दार लावून, गुजरातीत. डॉक्टर तेच. त्यांनी पाण्याची गोळी सकाळी केली, झोपेची थांबवली, शुगर आणि लघवीची तपासणी सांगितली आणि म्हणाले एकदा प्रत्यक्ष या, पायावरची सूज कॅमेऱ्यातून दाबून बघता येत नाही.

आता मूळ प्रश्न. 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याची, सरकारी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात हे स्पष्ट आहे: पेशंटने स्वतः कॉल लावला तर त्याची संमती धरून चालतात, पण मुलाने, नातेवाइकाने किंवा आरोग्य सेवकाने लावून दिला तर पेशंटचा स्वतःचा होकार लागतो, मेसेजने, बोलून किंवा व्हिडिओवर, आणि डॉक्टरांनी तो नोंदवून ठेवायचा. पेशंट लहान असेल किंवा बोलण्या-समजण्याच्या अवस्थेत नसेल तर गोष्ट वेगळी. डोकं शाबूत असलेल्या आईच्या वतीने बोलायचं तर तिने तसा अधिकार दिलेला हवा, नुसतं पोटचं पोर असणं पुरत नाही. आणि कॅमेऱ्यासमोर गप्प बसली म्हणजे हो म्हणाली असं नसतं हो. खोलीत कोण आहे, लाइनवर कोण आहे, रेकॉर्डिंग होतंय का, हे तिला आधी कळायला हवं.

म्हणून ऑनलाइन नकोच असं मी अजिबात म्हणत नाही. त्या गुडघ्यांनी तीन मजले उतरून रिक्षा करून ओपीडीच्या लाइनीत उभं राहणं, तेही फक्त त्याच गोळ्या पुढे चालू ठेवायला, ह्यात काय अर्थ आहे? फॉलोअपला फोन उत्तमच. छातीत दुखतंय, एकदम धाप लागली, तोंड वाकडं झालं, तिथे मात्र कॉल लावत बसू नका, 108 ला फोन करा.

मुलगा थोडा रुसलाय अजून. परवा मेसेज, "आई काय बोलली तुमच्याशी, जरा डिटेल्स द्या ना." मी लिहिलं, आईलाच विचारा. त्याने विचारलं म्हणे, तर काकू म्हणाल्या, बाबा रे, सगळंच तुला कशाला हवंय, झोप लागते आता मला.